रातांबे आणि पाठमाला

आमचं कट्टा गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. चैत्र सरता सरता रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकत. सकाळी आये ते फोडायला बसवी. बिया-गरात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवून खळ्यात सुकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोटं लालभडक. बियांचं मुठेल थंडीत टाचांच्या भेगांना लागे, म्हणून टाकायचं काहीच नाही. दुपारी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तीही मोठ्याने. मुंबईची नोकरी इंग्रजीवाचून कुठली? रात्री दशावतार असला की अभ्यास बोंबलला. पुढे 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' नाटक आलं, मच्छिंद्र कांबळींनी आमची मालवणी मुंबईत गाजवली. तिच्यासाठी कुणालाच पाठमाला लागली नाही.