ब्राउझरची उघाडी : प्लग-इनची कुळकथा

ब्राउझरला स्वतःला जे जमत नाही ते करून देणारा, दुसऱ्याच कंपनीने लिहिलेला आणि ब्राउझरच्या पोटात बसून चालणारा प्रोग्राम म्हणजे प्लग-इन. फ्लॅश प्लेअर, जावा, ॲक्रोबॅट रीडर, सिल्व्हरलाइट ही त्यातली ठळक नावे. ‘प्लग’ हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ बूच, दट्ट्या. विजेच्या काळात भोक बुजवणाऱ्या वस्तूचे नाव भोकात खुपसायच्या वस्तूला मिळाले. ब्राउझरमध्ये तर या बुचासाठी भोक मुद्दाम पाडावे लागले, आणि पुढची सगळी कथा त्या भोकाची आहे.

असे मुद्दाम ठेवलेले भोक खाडीकाठच्या शेतांतही दिसते. रामवाडी-पेण भागात खाडीकडे गेले की खारबंदिस्ती, म्हणजे खारे पाणी अडवणारा बांध, लागते. बांधाला उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला शेतातले पाणी तिच्यातून बाहेर जाते आणि भरतीला तिची झडप पाण्याच्या दाबाने मिटते. उघाडीशिवाय शेत बुडते, पण झडपेत ओंडका अडकला किंवा शेजारी खेकड्यांनी बांध पोखरला, तर त्याच वाटेने खारे पाणी आत येते आणि बांधाला खांड पडते. म्हणून दर वर्षी डागडुजी लागते. ती कोणी करायची, हा खारपट्ट्यातला जुना प्रश्न. पूर्वी गावकरी मिळून करत, १९४८च्या खारजमीन कायद्यानंतर सरकार त्यात आले. प्लग-इनच्या जन्माच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो जन्म १९९५च्या शरद ऋतूतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. नेटस्केप तेव्हाचा आघाडीचा ब्राउझर. त्यात मजकूर आणि चित्रे दिसत, पीडीएफ मात्र वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडावी लागे. ती ब्राउझरच्याच खिडकीत दिसावी, असा ॲडोबीच्या तंत्रज्ञांचा आग्रह होता. त्यातून जी जोडणी तयार झाली ती नेटस्केपने दुसऱ्या आवृत्तीत सर्वांसाठी खुली केली. ‘एनपीएपीआय’ हे तिचे नाव. नेटस्केपच्या बाजूने पाहिले तर निर्णय शहाणपणाचा होता. ध्वनी, चलच्चित्रे, खेळ, नकाशे हे सगळे एकाच कंपनीने लिहिणे शक्य नव्हते, आणि मोडेमच्या काळात ब्राउझर जितका लहान तितका बरा. ज्याला जे हवे त्याने ते बसवावे.

१९९६मध्ये फ्यूचरवेव्ह या छोट्या कंपनीचे फ्यूचरस्प्लॅश आले. वर्ष सरता सरता मॅक्रोमीडियाने ते विकत घेतले आणि नाव ठेवले फ्लॅश. २००५मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीने घेतली. मायक्रोसॉफ्टने १९९६मध्येच आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरसाठी ॲक्टिव्हएक्स काढले. त्यात पाहुण्या प्रोग्रामला कुंपण नव्हतेच, फक्त डिजिटल सही होती. सही प्रोग्राम कोणाचा ते सांगते, नीट लिहिला आहे का ते सांगत नाही. सन कंपनीच्या जावाला कुंपण होते आणि त्याचाच गाजावाजाही होता. पुढे कुंपणाच्या तारांमध्येच फटी सापडल्या.

दोष कसा असतो, हे फ्लॅशमध्ये वारंवार सापडलेल्या एका प्रकारावरून कळते. प्रोग्राम एखाद्या वस्तूसाठी संगणकाच्या स्मृतीत जागा घेतो, काम झाल्यावर सोडतो, पण तिचा क्रमांक स्वतःजवळ विसरून ठेवतो. एस.टी.तला एक प्रवासी नागोठण्याला उतरला, त्याच्या जागी दुसरा बसला आणि कंडक्टर मात्र त्या आसनावर पहिलाच आहे असे समजून व्यवहार करतो, तसे. हल्लेखोर त्या रिकाम्या आसनावर आपला माणूस बसवतो. प्लग-इन ब्राउझरच्या पोटात आणि वापरणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालत असल्यामुळे त्या माणसाला संगणकभर फिरता येई. काही उतरवून घेण्याची गरज नसे. जाहिरातीच्या चौकटीत दडवलेली एक फ्लॅश फाइल पुरे. क्रोमने २००८पासून आणि फायरफॉक्सने २०१०मध्ये प्लग-इनला वेगळ्या कप्प्यात हलवले, तोवर ब्राउझर आणि प्लग-इन एकाच ताटात जेवत होते.

मराठी वाचकाचा अशा आगंतुक घटकांशी पहिला संबंध अक्षरांमुळे आला. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फाँटमध्ये असत. तो फाँट उतरवून बसवला नाही, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. मग पानाबरोबरच येणारे ‘डायनॅमिक फाँट’ निघाले. त्यांतले काही फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत, काहींसाठी ॲक्टिव्हएक्सचा तुकडा बसवावा लागे. ब्राउझर परवानगी विचारी, आणि मराठी वाचायचे तर ‘होय’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. न वाचता ‘होय’ दाबण्याची सवय लागली ती आळसाने नव्हे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला पान वाचता येत नव्हते.

दोष सापडला की दुरुस्ती येते. तिला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. जुन्या संगणकांत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर प्रोग्राम असे आणि चुकीच्या छिद्रांवर खरोखरच कागदाचे तुकडे चिकटवत. शब्द तिथला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे एकत्र देण्याची प्रथा पाडली. ॲडोबीने फ्लॅशसाठी ते वेळापत्रक २०१२मध्ये स्वीकारले. पण ब्राउझर एकाचा, फ्लॅश दुसऱ्याचा, जावा तिसऱ्याचा, आणि प्रत्येकाची आठवण देणारी खिडकी वेगळी. ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण त्या काळात सर्वांत जास्त दाबले गेले असेल.

या वैतागाला अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण त्याची कारणे ठोस होती. ५६ किलोबिटच्या डायलअपवर दहा मेगाबाइट उतरवायला उत्तम जोडणी असली तरी चोवीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. ब्रॉडबँड आले तेही महिन्याच्या ठरावीक मेगाबाइटच्या मापाने. काही अपडेट तर सुरक्षेसाठी नव्हतेच. इओलास या कंपनीने प्लग-इनच्या कल्पनेवर पेटंट सांगून मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, २००३मध्ये ज्युरीने ५२ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, आणि पेटंटला वळसा घालण्यासाठी २००६च्या अपडेटनंतर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्रत्येक फ्लॅश चौकटीवर आधी एकदा टिचकी मारावी लागू लागली. भांडण दोन कंपन्यांचे, टिचकी जगाची.

त्याहून वाईट गोष्ट दुरुस्तीबरोबर येणाऱ्या फुकट पाहुण्यांची. जावाच्या अपडेटबरोबर ‘आस्क’चा टूलबार आणि फ्लॅशबरोबर मॅकॅफीचा स्कॅनर येई. खूण आधीच केलेली असे, ती काढायचे काम वापरणाऱ्याचे. शिवाय जावाचे अपडेट बराच काळ जुन्या आवृत्त्या काढतच नव्हते किंवा फक्त शेवटची काढत होते, त्यामुळे इमानाने अपडेट करणाऱ्याच्या संगणकातही जुनी भोके शाबूत राहत. ही बाब ग्राहकांपासून लपवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सननंतर जावाची मालक झालेल्या ओरॅकलवर आरोप ठेवले आणि डिसेंबर २०१५मध्ये समझोता झाला. चोरांनीही हीच खिडकी निवडली. २०११मध्ये निघालेला ‘फ्लॅशबॅक’ हा मॅकवरचा घातक प्रोग्राम सुरुवातीला फ्लॅशच्या अपडेटचे सोंग घेऊन येई. २०१२च्या एप्रिलमध्ये जावाच्या दोषातून त्याने सुमारे सहा लाख संगणक गाठले. खरी सूचना आणि खोटी सूचना दिसायला सारखीच असेल, तर सूचनेकडे पाठ फिरवणारा मूर्ख ठरत नाही.

महाराष्ट्रात या कथेला एक उलटे वळण मिळाले. शासकीय कामांच्या निविदा ऑनलाइन झाल्या. राज्याचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रणालीवर चालते. निविदेच्या कागदांवर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही उमटवायची तर ब्राउझरला टोकनपर्यंत पोहोचता यायला हवे. ते काम जावा ॲपलेट करी. म्हणून रामवाडीसारख्या गावातल्या ठेकेदाराला सहीपुरते तरी जावा लागेच. 

जानेवारी २०१३मध्ये जावात असा दोष उघड झाला की अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधले जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. ओरॅकलने नियम कडक करत नेले. जानेवारी २०१४च्या अपडेटनंतर मान्यताप्राप्त सही नसलेली ॲपलेट अडवली जाऊ लागली आणि अपवादांची एक यादी देण्यात आली. त्याच वर्षी पुढे सुरक्षेची ‘मध्यम’ पातळीच काढून टाकली. अपडेट केलेल्या संगणकावर काल चाललेली सही आज अडे, आणि निविदेची मुदत तर दुपारी संपणार. मग ठरलेले उपाय: साइट एक्सेप्शनमध्ये टाका, पातळी खाली आणा, जुनी आवृत्ती परत बसवा आणि ‘अपडेट मारू नका’. शेवटचा सल्ला सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत वाईट आणि कामाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी होता. सहीसारखी कायदेशीर वजनाची गोष्ट जिथे चाले, नेमके तिथले संगणक जुन्या जावावर अडकले. दोष टोकन वापरणाऱ्याचा नव्हता. ज्या भोकावर मालकाचाच भरवसा उरला नव्हता, त्यावर सहीची व्यवस्था उभी केली होती.

फ्लॅशला उतरती कळा आधीच लागली होती. ॲपलने आयफोनवर ते घेतले नाही आणि एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी खुले पत्र लिहून त्याची कारणे दिली. जुलै २०१५मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीचे कागद फुटले. पाळतीची साधने सरकारांना विकणाऱ्या या कंपनीकडे फ्लॅशचे कोणाला माहीत नसलेले दोष साठवलेले होते. ते बाहेर येताच मोझिलाने फायरफॉक्समध्ये फ्लॅश तात्पुरते अडवले. त्या एका वर्षात फ्लॅशमध्ये नोंदल्या गेलेल्या दोषांची संख्या तीनशेच्या वर गेली. सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमने एनपीएपीआय काढून टाकले, मार्च २०१७मध्ये फायरफॉक्सने फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना दार बंद केले. जावाचे प्लग-इन सप्टेंबर २०१८च्या अकराव्या आवृत्तीत संपले. २०२०च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून ते आपोआप चालेनासे झाले. तीन वर्षांहून जास्त आधी सूचना देऊनही दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याला आपले अर्ज चालावेत म्हणून फ्लॅशसह स्वतःचा ब्राउझर काढावा लागला.

दुखणे बरे झाले ते लोक शहाणे होऊन अपडेट करू लागले म्हणून नव्हे. ब्राउझरने प्लग-इनची कामे स्वतःकडे घेतली आणि स्वतःला गुपचूप अपडेट करायला तो शिकला. ज्या पीडीएफसाठी प्लग-इन जन्मले ती आज ब्राउझर स्वतः उघडतो. १ मे २०१८पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही तसाच उघडतो. क्रोम त्यावरची सही तपासून देत नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. टोकनच्या सहीसाठी आता संगणकावर वेगळा सही-प्रोग्राम बसवतात; जीएसटीचा ‘एमसाइनर’ त्यातलाच.

प्लग-इनची जागा आता एक्स्टेन्शननी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांनी, घेतली आहे. ती कुंपणात चालतात, पण पाने वाचण्याची परवानगी घेऊन येतात आणि त्यांची अपडेट न विचारता होतात. डिसेंबर २०२४मध्ये, नाताळच्या सुमारास, सायबरहेवन या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून हल्लेखोरांनी तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्यांचे ब्राउझर चालू होते त्यांच्याकडे ती आपोआप पोहोचली.

जुने भोकही पुरते बुजलेले नाही. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, पण एज ब्राउझरमध्ये जुन्या संकेतस्थळांसाठी त्याचा एक मोड राखलेला आहे. त्यात ॲक्टिव्हएक्स चालते, आणि तो मोड निदान २०२९पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.