कॉलेजचे क्रेडिट शाळेत मिळणार, पण मोहन्यात सांगणार कोण?

यूजीसीने जुलै 2021 मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने पाचवीपासूनचे शिक्षणही क्रेडिटमध्ये मोजायचे ठरवले. वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. ‘स्वयम्’वर 2017 पासून नववीपासून पुढचे अभ्यासक्रम आहेत. शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय पुरा करायचा आणि ते क्रेडिट पुढे वापरायचे, ही अमेरिकेत रुळलेली पद्धत आता आपल्या दारात आली आहे.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, लांब राहा. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

शाळा आणि कॉलेज यांच्यातली भिंत कायमची कधीच नव्हती. शाळेत शिकणाऱ्या मुलांची मॅट्रिक परीक्षा मुंबई विद्यापीठच घेत असे. एसएससी बोर्ड आले ते 1940 च्या दशकाच्या अखेरीस. पुढे 1975 मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि तोवर शाळेत असलेली अकरावी ज्युनिअर कॉलेजात गेली. सरकारला वाटले तेव्हा भिंत सरकली. सरकली हे आधी कळले कोणाला? ज्यांच्या घरात आधीच पदवीधर होते त्यांना. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपल्या भाषेत, ‘त्यांना आतली माहिती असते.’

बाबासाहेब 1907 मध्ये मॅट्रिक झाले. शाळकरी वयात बागेत वाचत बसलेला हा मुलगा केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. इंटरमीजिएटनंतर घरचे पैसे संपले, तेव्हा त्याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांना नेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 मध्ये ते बी.ए. झाले. ही गोष्ट आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. पण एका मुलाचे कॉलेज बागेतल्या ओळखीवर अवलंबून होते, हेही सांगितले पाहिजे. पुढे 1945 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती अशा योगायोगांवर विसंबायला नको म्हणून, असे मी मानते. 1946 च्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदार मुलांसाठी सकाळचे वर्ग होते. औरंगाबादच्या नागसेनवनात 1950 मध्ये कॉलेज आले आणि 1955 मध्ये त्याच परिसरात मिलिंद हायस्कूल. आठवीतल्या मुलाला कॉलेज रोज डोळ्यांना दिसत होते. याहून मोठा प्रचार कोणता?

आता मोहन्याकडे या. 2009 मध्ये एनआरसी कंपनी बंद पडली आणि हजारो कामगारांच्या घरची चूल अडली. त्या घरांतली मुले आज नाक्यावर, रिक्षावर, कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत आहेत. त्यांची धाकटी भावंडे आणि पुतणे-भाचे नववी-दहावीत आहेत. यांच्यापर्यंत ‘क्रेडिट’ पोहोचले तर ते बहुधा मोबाइलवरच्या कर्जाच्या जाहिरातीतून! खासगी शाळांतल्या मुलांना मात्र समुपदेशक बसवून सारे समजावले जाते.

दुसरा प्रश्न पैशाचा. ‘स्वयम्’वर शिकणे फुकट, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. अनुसूचित जातींसाठीची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे आणि तिच्या नावातच मॅट्रिकची रेघ आहे. नववीतल्या मुलीने कॉलेजचा विषय घेतला तर ती रेघेच्या अलीकडची की पलीकडची? भिंत सरकवताना शिष्यवृत्तीही सरकवा, ही मागणी समाजकल्याण खात्याकडे आत्ताच गेली पाहिजे. विद्यापीठांनी हे क्रेडिट प्रवेशाच्या वेळी नक्की धरले जाईल असे लेखी द्यावे, नाहीतर मुलांची मेहनत आणि फी दोन्ही वाया जातील.

बहिष्कार घालून यातले काहीच मिळणार नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या की मोहने, आंबिवली, अटाळीच्या विहारांत नववी-दहावीच्या पालकांच्या सभा लावू या. वंदनेनंतर अर्धा तास पुरे. वस्तीतल्या एखाद्या पदवीधराने मोबाइल हातात घेऊन खाते कसे उघडायचे, कोणता विषय घ्यायचा, फी किती आणि ती कधी भरायची नाही, हे दाखवावे. आयांना आवर्जून बोलवा. फॉर्मवर सही बापाची असली तरी मुलगी शाळेत टिकते ती आईमुळे.