पुण्याची ताजी बिअर आणि सोलापूरची शिंदी

परवा शुक्रवारी तीन आठवडे रखडलेली रिलीज एकदाची बाहेर पडली आणि आमची अख्खी टीम बाणेरच्या एका मायक्रोब्रुअरीत जाऊन बसली. काचेच्या भिंतीपलीकडे ती तांब्याच्या रंगाची मोठाली भांडी, पाटीवर खडूने लिहिलेली आजची नावं, आणि समजावून सांगायला एक उत्साही पोरगा. एल म्हणजे काय, तर यीस्ट वरच्या थरात काम करतं, साधारण १५ ते २४ अंशांत, त्यामुळे फळासारखा वास येतो, वगैरे वगैरे. आमच्यातला एक बंगळुरी मित्र म्हणाला, "ताजी, इथेच बनवलेली, लोकल. तुमच्या सोलापुरात आहे का असं काही?"

मी म्हटलं, "आमच्याकडे शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्री." सगळे हसले. विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे हुतात्मा एक्सप्रेसने घरी निघालो होतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा सोलापूरकरांचं अर्धं आयुष्य या गाडीत जातं. चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी, हे लहानपणापासून माहीत. पार्क चौकातले त्यांचे पुतळे तर रोजचेच. पण त्या सगळ्या प्रकरणाची सुरुवात शिंदीच्या झाडांपासून झाली होती, हे मला त्या दिवशी कुर्डुवाडीच्या आसपास कुठेतरी आठवलं. लोकल, ताजी, इथेच बनलेली! होती की आमच्याकडे. आणि लोक कुऱ्हाडी घेऊन तिच्यावर गेले होते.

आधी शिंदी म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या पिढीला ताडी-माडी-शिंदी सगळं एकच वाटतं. माडी नारळाची, ताडी ताडाची, शिंदी शिंदीच्या झाडाची. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. ताडाला कळा छेदतात, शिंदीला मात्र शेंड्याखाली खोडच तासतात, खाच पाडतात आणि तिथे मडकं बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. दर वर्षी खाच वेगळ्या बाजूला, त्यामुळे जुन्या झाडाचं खोड वाकडंतिकडं, नागमोडी दिसतं. पहाटेचा रस गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो काही काळ गोडच राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर हवेतली आणि मडक्यातली यीस्ट नि जिवाणू लगेच कामाला लागतात. दुपारपर्यंत फेस, संध्याकाळपर्यंत बिअरइतकी नशा, दुसऱ्या दिवशी आंबट शिर्का. बेल्जियममध्ये असंच हवेतल्या यीस्टवर सोडून दिलेल्या बिअरला लँबिक म्हणतात आणि लोक विमानाने जाऊन पितात. आमच्या शिंदीला कुणी पाटीवर खडूने लिहिलं नाही, एवढंच.

सोलापूर हे गिरणगाव. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेले कानडी भाषिक, मराठवाड्याकडून आलेले मजूर, सगळे या गावात एकत्र आले. तिकडे झाडाचा रस काढणं हा गौड आणि ईडिगा समाजांचा पिढीजात धंदा, कोकणात तोच भंडाऱ्यांचा. म्हणजे पिणारा आणि काढणारा दोघंही या भागाला नवे नव्हते. मग १९३० साली भांडण कसलं होतं?

भांडण होतं मालकीचं. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्याआधीही कर होते, पण या कायद्याने सगळं घट्ट आवळलं. झाड छेदायचं तर सरकारी परवाना, झाडामागे कर, विकायचं ते ठेका घेतलेल्या दुकानातूनच, आणि दुकानांचे लिलाव. घरी गाळणं गुन्हा. कोकणातल्या भंडाऱ्यांनी झाडावरच्या वाढत्या करांविरुद्ध अर्ज केले, आंदोलनं केली. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला: ठाणे-कुलाबा भागात झाडाखाली पडलेली फुलंसुद्धा घरात साठवायची नाहीत. इलाख्याच्या तिजोरीत जमीन महसुलाच्या खालोखाल पैसा अबकारीचा असायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तुम्ही लिहायचा, लायसन्स फी सरकारला द्यायची, आणि विकायला परत सरकारनेच ठरवलेला एकच विक्रेता.

म्हणून गांधीजींनी दांडीच्या सुमारास सुरत जिल्ह्यात खजुरीची, म्हणजे शिंदीचीच, झाडं तोडायला सांगितलं, तेव्हा त्यात दारूबंदी होती तशीच करबंदीही होती. मीठ समुद्राचं, कर सरकारचा. रस झाडाचा, कर सरकारचा. हिशेब तोच.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ, मिरवणुका, गिरण्या बंद. ८ मे रोजी एक जमाव तुळजापूर रस्त्याकडच्या रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेला. पोलिसांनी काही जणांना पकडलं. लोक म्हणाले, सोडा त्यांना. कलेक्टर नाईट स्वतः तिथे आला. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. तो सोलापूरचा पहिला हुतात्मा. त्यानंतर गाव पेटलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळली, पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पुढचे काही दिवस सरकार नावाची गोष्ट सोलापुरात दिसतच नव्हती. रस्त्यावरची व्यवस्था स्वयंसेवक पाहत होते. १२ मेला लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला, तो थेट ३० जूनपर्यंत. गांधी टोपी घालणंही तेव्हा धोक्याचं होतं.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचा, वय जेमतेम विशीचं. गावात आजही सांगतात की धनशेट्टींनी त्या दिवशी उलट जमावाला आवरायचा प्रयत्न केला होता.

हा झाला पुतळ्यांपर्यंतचा इतिहास. आता ज्याचा पुतळा नाही त्याबद्दल. ती झाडं कुणाची होती? सरकारला कर मिळायचा, ठेकेदाराला नफा. पण रोज पहाटे कमरेला दोर बांधून वर चढणारा जो कोणी होता, त्याची त्या दिवशी रोजीरोटी आडवी झाली. त्याचं नाव मी आजवर कुठे वाचलेलं नाही. लढा बरोबर होता असंच मला वाटतं. तरी ट्रेनच्या खिडकीतून बाहेर बघताना मला तोच माणूस दिसत राहिला.

रविवारी सकाळी आजीजवळ विषय काढला. आजी आता नव्वदीला टेकलीय. तिचे वडील गिरणीत जॉबर होते. मी मोठ्या उत्साहाने सुरू झालो, अबकारी कायदा, लँबिक, मालकी... ती ऐकत होती. मग म्हणाली, "पगाराच्या दिवशी आई मला गिरणीच्या दारात उभी करायची. का, तर बापाचा हात धरून घरला आणायचा म्हणून. पोरीचा हात कुणी झिडकारत नाही ना रस्त्यात. पण वाटेत दुकान होतं."

मी गप्प.

"झाडं तोडली म्हणतोस, बरंच केलं. पण दुकान राह्यलंच की रे."

आजीचं बालपण १९४० च्या दशकातलं. म्हणजे ८ मेनंतर, मार्शल लॉनंतर, फाशीनंतरही दुकान होतंच. १९३९ साली काँग्रेस सरकारने दारूबंदी आणली ती मुंबई शहरात. सगळ्या राज्यात ती लागू झाली १९५० मध्ये, १९४९ च्या कायद्याखाली. त्याच कायद्याच्या वारशाने आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. परवा बाणेरला आमच्यापैकी किती जणांकडे होता ते विचारू नका :) बंदीने शिंदी दुकानातून गेली आणि हातभट्टी गल्लीत आली. पुढे बंदी सैल झाली, दुकानं परत आली. पण झाडं? क्लोरल हायड्रेटची पावडर पाण्यात घालून बनवलेली ताडी पकडल्याच्या बातम्या आमच्याकडच्या पेपरात अधूनमधून येतात. झाडाशिवाय ताडी! त्याने माणसं मरतात.

आणि इकडे २००९ साली पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली तिचं नाव डूलाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघत कंटाळून वेडे झालेल्या गोऱ्या सोल्जरांवरून इंग्रजीत गेला आणि शंभर वर्षांनी बिअरच्या ग्लासवर परत आला. मला हे फार आवडतं, खोटं कशाला बोलू. बिअरही आवडते. पण 'लोकल' म्हणताना यापुढे जीभ जरा अडखळेल.

दुपारी चुलतभावाला म्हटलं, चल रूपाभवानीला जाऊ, एखादं शिंदीचं झाड दिसतंय का बघू. "उन्हात कशाला मरायलास बे?" म्हणत का होईना, त्याने गाडी काढली. देवळात दर्शन घेतलं, आजूबाजूला बरंच फिरलो. घरं, दुकानं, गॅरेज. झाड काही सापडलं नाही. भावाने उसाचा रस पाजला.

निघायच्या आधी आजीला एक शेवटचं विचारलं. तू कधी चाखलीस का गं शिंदी?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा. बापानंच दिली होती, पहाटेची. लई गोड होती." आणि माझ्या डब्यात चटणी भरायला आत निघून गेली.