९८.६ : एका आकड्याची कुळकथा

जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर ९८.६ पाशी बारीकसा बाण छापलेला असे. पारा त्याच्या पुढे गेला की ताप, एवढा साधा हिशेब. मूल मजेत खेळत असलं तरी ९९ दिसताच औषधाची बाटली उघडायची. ज्यांच्यामुळे हा आकडा आला, ते लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश मात्र इतके एकमार्गी नव्हते. सुमारे २५ हजार रुग्णांच्या लाखो नोंदींवरून त्यांनी १८६८ साली ग्रंथ लिहिला. तेव्हाचा थर्मामीटर जवळपास फूटभर लांब, आणि तो वीसेक मिनिटं काखेत धरून ठेवायचा. रडणाऱ्या पोराचं ते कसं जमवत असतील, कोण जाणे! इंग्लंडच्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच दशकात सहा इंची, पाच मिनिटांत काम उरकणारा थर्मामीटर आणला, तेव्हा कुठे हे प्रकरण सुटसुटीत झालं. वुंडरलिश यांनी निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस धरलं. पण ते पहाटे उतरतं, संध्याकाळी चढतं, हेही त्यांनी नोंदवलं आणि निरोगीपणाची वरची हद्द ३८ वर ठेवली. पुढे हद्द बाजूला पडली, सरासरी तेवढी राहिली. ३७ चं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं, म्हणजे तो दशांश रुग्णाच्या काखेतून आलेला नाही, गुणाकारातून आलेला आहे.

कोणी म्हणेल, लाखो नोंदींची सरासरी चुकेल कशी? अमेरिकेत फिलिप मॅकोविआक यांनी १९९२ साली १४८ निरोगी प्रौढांचं तापमान तोंडात थर्मामीटर ठेवून मोजलं, सरासरी ९८.२ भरली. वुंडरलिश यांच्या काळातला एक थर्मामीटरही त्यांनी तपासला, तर तो चक्क जास्त दाखवत होता. पण खरा मुद्दा या अर्ध्या अंशाहून कमी फरकाचा नाहीच. सरासरी बिनचूक असली तरी ती समूहाची असते. तिच्यावरून एका मुलाच्या आजाराची सीमा ठरत नाही. संध्याकाळची वेळ, धावपळ, अंगावरची दुपटी एवढ्यानेही बाळाचं अंग गरम लागतं. म्हणून डॉक्टर साधारणपणे १००.४ पासून पुढे ताप धरतात. आणि १००.४ म्हणजे तरी काय, तर वुंडरलिश यांचेच ३८!

मग थर्मामीटर कशाला, आईचा हात पुरे, हा दुसरा आक्षेप. हाताला अंग गार लागलं तर ताप नसल्याचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. गरम लागलं तर मात्र तो बरेचदा फसतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत असा अंदाज फसला तरी चालतं, कारण तिथे आकड्यापेक्षा मूल पाणी पितं का, हसतं का, मलूल पडलंय का, हे जास्त सांगून जातं. ताप म्हणजे मेंदूनेच वर नेलेला तापमानाचा काटा. म्हणून पॅरासिटामॉल मुलाला आराम देतं, मूळ आजार हटवत नाही. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं. गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी त्याची दुसरी लक्षणं पुसट असतात, त्यामुळे तिथे आकडाच बोलतो, आणि दोन्ही बाजूंनी बोलतो. नवजात बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणंही धोक्याचं. तेव्हा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरलं, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्या.