1963 चं ऑस्कर: अभिनयाचा एक वाद, जो अजून मिटलेला नाही

जुन्या हॉलिवूडचे शौकीन एकत्र बसले की एक विषय हमखास निघतो. कुणाचं ऑस्कर हुकलं, कुणाला फुकटात मिळालं, आणि अमुक भूमिकेला तमुक नट घेतला असता तर काय झालं असतं. या वादात 1962 चे सिनेमे वारंवार येतात. त्यांचा पुरस्कार सोहळा 8 एप्रिल 1963 ला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे झाला. त्या एका रात्रीवर आजही तासन्‌तास बोलणारी माणसं आहेत.

या वर्षाची ओळख आम्ही करून देतोय त्याला आणखी एक कारण आहे. त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा पहिल्या महायुद्धातल्या अरब बंडाचा सिनेमा. मक्केचे शरीफ हुसेन यांचे पुत्र फैजल, जे पुढे इराकचे बादशहा झाले, त्यात एक प्रमुख पात्र आहेत. अरब माणूस पडद्यावर कसा दिसला, त्याची भूमिका कुणाला मिळाली आणि त्या कामाची दखल कशी घेतली गेली, हे तिन्ही प्रश्न या एका सिनेमात सापडतात.

निवड होते कशी?

वाद समजून घ्यायचा तर आधी पद्धत माहीत हवी. अभिनयाची नामांकनं अकादमीचे नट-नट्या असलेले सभासद ठरवतात. एका गटात पाच नावं येतात. शेवटचं मतदान मात्र सगळे सभासद करतात, म्हणजे कॅमेरामन, संगीतकार, संकलक, लेखक, सगळेच. ज्याला जास्त मतं तो विजेता. कुणाला किती मतं पडली हे अकादमी कधीच जाहीर करत नाही. एका मताने हरला की हजार मतांनी, कळायला मार्गच नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलंच खरं वाटायची पूर्ण मोकळीक आहे.

दुसरी भानगड मुख्य आणि सहायक या गटांची. सहायक अभिनयाचे पुरस्कार 1936 च्या सिनेमांपासून सुरू झाले. 1944 च्या 'गोइंग माय वे'साठी बॅरी फिट्झजेराल्ड या नटाला एकाच भूमिकेबद्दल दोन्ही गटांत नामांकन मिळालं, तेव्हा अकादमीने नियम बदलला. पण कुठली भूमिका मुख्य आणि कुठली सहायक याचं मोजमाप आजही नाही. 1963 च्या सोहळ्यात याच गोष्टीवरून एक मोठा वाद आहे, त्याकडे पुढे येऊ.

पेक की ओटूल?

मुख्य अभिनेत्याच्या गटात पाच नावं होती. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'साठी ग्रेगरी पेक, 'लॉरेन्स'साठी पीटर ओटूल, 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'मधल्या दारुड्यासाठी जॅक लेमन, 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ'साठी बर्ट लँकेस्टर, आणि 'डिव्होर्स इटालियन स्टाइल' या इटालियन सिनेमासाठी मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. पुरस्कार पेकला मिळाला.

पेकचं हे पाचवं नामांकन होतं. आधीची चार रिकाम्या हाताने गेली होती. भूमिका होती अॅटिकस फिंच या वकिलाची. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक गाव, खोट्या आरोपात अडकलेला एक कृष्णवर्णीय मजूर, आणि गावाचा रोष पत्करून त्याची बाजू मांडणारा हा माणूस. ज्या हार्पर ली यांच्या कादंबरीवरून सिनेमा निघाला त्यांनी आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ पेकला भेट दिलं होतं. 2003 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने पडद्यावरच्या नायकांची यादी केली, तेव्हा पहिला नंबर अॅटिकसचाच लागला.

विरोधी पक्षाचं म्हणणं असं की पेकने अभिनय केलाच नाही, तो तसाच होता. सरळ, उंच, शांत, दमदार आवाजाचा. अॅटिकस म्हणजे पेकच. याउलट ओटूल जवळजवळ पावणेचार तासांच्या सिनेमात बहुतेक प्रत्येक प्रसंगात आहे. सुरुवातीला नकाशे रंगवणारा विक्षिप्त अधिकारी, मधे स्वतःला अजिंक्य समजणारा पुढारी, शेवटी रक्ताची चटक लागलेला आणि त्याच चटकेने हादरलेला माणूस. तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखतही नव्हतं. ब्रिटिश अकादमीने त्या वर्षी त्यालाच सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेता ठरवलं.

आमचं मत विचाराल तर कोर्टातलं पेकचं भाषण आम्हाला आजही आवडतं, पण पारडं ओटूलकडे झुकतं. पेकच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. जो नट स्वतःसारखा दिसतो त्याने मेहनत केली नाही असं धरून चालणं ही शौकिनांची जुनी खोड आहे. नाक बदललं, आवाज बदलला, वजन वाढवलं की अभिनय, आणि नुसतं ऐकत बसणं म्हणजे काहीच नाही? या सिनेमात पेक समोरच्याचं बोलणं ज्या तऱ्हेने ऐकतो ते पाहण्यासारखं आहे.

ओटूलची पुढची कहाणी तर ठाऊक असेलच. एकूण आठ नामांकनं, एकही विजय नाही. 2003 मध्ये अकादमीने त्याला मानद ऑस्कर देऊ केलं, तेव्हा आपण अजून मैदानात आहोत, थोडं थांबा, असं त्याने आधी कळवलं होतं. नंतर पुरस्कार घेतला. आणि खरंच 2006 च्या 'व्हीनस'साठी आठवं नामांकन मिळवलं, तेही हुकलं. त्या आठ पराभवांतला एक आपल्या जवळचा आहे. 1983 च्या सोहळ्यात त्याला हरवलं ते 'गांधी' साकारणाऱ्या बेन किंग्स्लेने, ज्याचं मूळ नाव कृष्णा भानजी आणि वडील गुजराती खोजा घराण्यातले. त्याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ऑस्कर घेतलं आणि कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शरीफ अली कोण होणार होता?

आता 'लॉरेन्स'च्या पात्रनिवडीकडे येऊ, कारण खरा मालमसाला तिथे आहे.

खुद्द लॉरेन्ससाठी ओटूल ही पहिली पसंती नव्हती. मार्लन ब्रँडोचं नाव चर्चेत होतं. अल्बर्ट फिनीची लांबलचक चाचणी झाली, पण त्याने नकार दिला. खरा लॉरेन्स साडेपाच फुटांच्या आतबाहेरचा, ओटूल सहा फूट दोन इंच. या फरकावर इतिहासवाले आजही कुरकुर करतात.

शरीफ अली हे पात्र लेखकांनी अनेक माणसं मिसळून बनवलेलं. त्यासाठी युरोपातल्या नटांची नावं निघाली. फ्रान्सच्या मोरिस रोनेला तर घेतलंही होतं, पण ते जमलं नाही. ओमर शरीफला दिग्दर्शक डेव्हिड लीनने आणलं होतं ते ताफस या छोट्या भूमिकेसाठी, लॉरेन्सला वाट दाखवणारा वाटाड्या, जो विहिरीवर मारला जातो. शेवटी ओमर शरीफला मोठी भूमिका मिळाली आणि ताफस झाला झिया मोहिउद्दीन, पुढे पाकिस्तानात आपल्या उर्दू पठणासाठी गाजलेला. म्हणजे ज्याला मारलं जाणार होतं तोच मारणारा झाला!

त्या विहिरीवरचं शरीफचं आगमन तर सिनेमाच्या इतिहासात नोंदलं गेलंय. क्षितिजावर मृगजळात थरथरणारा एक काळा ठिपका, तो हळूहळू मोठा होत उंटावरचा स्वार होतो. कॅमेरामन फ्रेडी यंगने त्यासाठी खास लांब पल्ल्याची भिंग वापरली. यातला किती भाग नटाचा आणि किती भिंगाचा, यावरही शौकीन भांडतात.

शरीफचा जन्म 1932 चा, अलेक्झांड्रियातला, ख्रिस्ती घराण्यात. नाव मिशेल शलहूब. इस्लाम कबूल करून 1955 मध्ये त्याने इजिप्तची लाडकी अभिनेत्री फातेन हमामा हिच्याशी निकाह केला. 'लॉरेन्स'च्या आधीच तो अरबी सिनेमातला नामवंत नट होता, पण हॉलिवूडला हे गावीही नव्हतं. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकनही मिळालं. ऑस्कर मात्र गेलं एड बेग्लीला, 'स्वीट बर्ड ऑफ यूथ'मधल्या भ्रष्ट पुढाऱ्याच्या भूमिकेसाठी. बेग्ली मुरलेला, आपल्या गावचा नट, सगळ्यांच्या ओळखीचा. मत देणाऱ्यांनी ओळखीच्या माणसाला मत दिलं असं अनेकांना वाटतं, आणि आम्हालाही तेच पटतं. अमेरिकी वृत्तपत्रांनी 2017 मध्ये माहेर्शाला अलीला अभिनयाचं ऑस्कर जिंकणारा पहिला मुस्लिम नट म्हटलं. शरीफचं नाव पुकारलं गेलं होतं त्याला तेव्हा 54 वर्षं झाली होती.

बरं, नामांकन बाजूला ठेवा. अरब सरदार फैजल यांची भूमिका केली इंग्लंडच्या अॅलेक गिनेसने, चेहरा रंगवून. गंमत म्हणजे याच गिनेसने 1960 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर 'रॉस' या नाटकात खुद्द लॉरेन्स साकारला होता. हुवैतात कबिल्याचे औदा अबू ताई झाला मेक्सिकोत जन्मलेला अँथनी क्विन, खोटं नाक लावून. तुर्की अधिकारी झाला होजे फेरर, पोर्टो रिकोचा. कासिम, ज्याला लॉरेन्स वाळवंटातून जिवंत परत आणतो आणि नंतर स्वतःच गोळी घालतो, तो झाला आपला आय. एस. जोहर, 'जोहर महमूद इन गोवा'वाला. इतक्या मोठ्या अरब कथेत प्रमुख पात्रांपैकी अरब नट एकच, शरीफ. बाई तर एकही नाही, म्हणजे बोलणारी.

गिनेसची बाजू घेणारे म्हणतात की चेहऱ्याचं साम्य पाहा, त्याचं सावध, मोजकं बोलणं पाहा, राजकारणी फैजल बरोबर उतरलाय. काम उत्तम आहे हे आम्हालाही मान्य. प्रश्न कामाचा नाही, संधीचा आहे. शरीफचीच पुढची यादी बघा. 'डॉक्टर झिवागो'त रशियन कवी. शिवाय मंगोल चंगेझ खान, जर्मन लष्करी अधिकारी, चे गव्हेरा, आणि 1968 च्या 'फनी गर्ल'मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँडसमोर न्यूयॉर्कचा यहुदी जुगारी, ज्यावरून 1967 च्या युद्धानंतर इजिप्तच्या पत्रांनी गदारोळ केला. म्हणजे अरब नट जगातला कुठलाही परदेशी होऊ शकत होता. फक्त अरब बादशहा व्हायची वेळ आली की लंडनहून माणूस यायचा.

औदाच्या चित्रणावरही आक्षेप आहेतच. सिनेमात तो सोन्यासाठी हपापलेला दिसतो. सिनेमाच्या शूटिंगला जॉर्डनने मदत केली, सैनिकही दिले, पण तयार झालेल्या सिनेमावर तिथे बंदी आली. अमेरिकेत मात्र दहा नामांकनं आणि सात पुरस्कार. त्या सातांत अभिनयाचा एकही नव्हता.

मुलीची भूमिका सहायक कशी?

अभिनेत्रींचा वाद वेगळा. 'द मिरॅकल वर्कर' हा आंधळ्या-बहिऱ्या हेलन केलरचा आणि तिच्या शिक्षिकेचा सिनेमा. शिक्षिका अॅन बँक्रॉफ्टला मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर, हेलन झालेल्या पॅटी ड्यूकला सहायक अभिनेत्रीचं. दोघींनी हेच काम आधी ब्रॉडवेच्या नाटकात केलं होतं. सिनेमासाठी निर्मिती कंपनीला मोठी तारका हवी होती, पण दिग्दर्शक आर्थर पेन बँक्रॉफ्टवर अडून राहिला. पात्रनिवडीत असा हट्ट फळाला आल्याची उदाहरणं थोडी.

ड्यूक तेव्हा 16 वर्षांची. अख्ख्या सिनेमाचा भार तिच्यावर आहे, जेवणाच्या टेबलावरची ती लांब झटापट एकदा पाहिली की विसरत नाही. मग ती सहायक कशी? वय लहान म्हणून? त्याच गटात 10 वर्षांची मेरी बॅडहॅमही होती, जिच्या नजरेतून सगळा 'मॉकिंगबर्ड' उलगडतो. दोन लहान नायिकांना सहायक म्हटल्यामुळे खऱ्या सहायक भूमिकेची अडचण झाली. 'द मंचुरियन कँडिडेट'मधली अँजेला लॅन्सबरी हरली. लॉरेन्स हार्वीपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी असून तिने त्याची आई केली, आणि अशी थंड, कपटी आई की अंगावर काटा यावा. तिलाही आयुष्यात शेवटी मानद ऑस्करच मिळालं, 2013 मध्ये.

बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांचा किस्सा सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून थोडक्यात. दोघींच्या सिनेमासाठी दोघींपैकी नामांकन फक्त डेव्हिसला. बँक्रॉफ्ट न्यूयॉर्कला नाटकात अडकलेली, म्हणून तिच्या वतीने पुरस्कार घ्यायला मंचावर गेली क्रॉफर्ड. डेव्हिसचं तिसरं ऑस्कर हुकलं. या भांडणावर जितकी शाई सांडली तितकी कॅथरिन हेपबर्नच्या 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट'वर सांडली असती तर बरं झालं असतं. तीही त्याच पाचांत होती.

क्विनचा पुढचा रस्ता

औदा झालेल्या अँथनी क्विनला आपल्याकडच्या अनेक घरांत लोक दुसऱ्याच सिनेमामुळे ओळखतात. हलबमध्ये जन्मलेला दिग्दर्शक मुस्तफा अक्काद याने 1976 मध्ये 'द मेसेज' काढला. त्यात हजरत हमजा (रजि.) यांची भूमिका क्विनची. हुजूर ﷺ यांना सिनेमात दाखवलेलं नाही, त्यांचा आवाजही नाही. तरीही या सिनेमावर तेव्हा आणि आजही धार्मिक आक्षेप आहेत, काही घरांत तो लावला जातो, काही घरांत नाही. 1981 चा 'लायन ऑफ द डेझर्ट' अक्कादचाच. त्यात लिबियाचे उमर मुख्तार पुन्हा क्विन.

पण अक्कादने एक काम असं केलं जे पात्रनिवडीच्या वादात कुणी क्वचितच करतं. 'द मेसेज' त्याने दोनदा शूट केला. तेच सेट, तेच प्रसंग, एकदा इंग्रजीत आणि एकदा 'अर-रिसाला' नावाने अरबीत, वेगळे नट घेऊन. अरबीत हमजा झाला इजिप्तचा अब्दुल्ला गैस. हिंद झाली सीरियाची मुना वासिफ, इंग्रजीतली हिंद ग्रीसची आयरीन पापास. शिकारीहून परतलेले हमजा अबू जहलला धनुष्य मारतात तो प्रसंग दोन्हीत आहे. क्विन तिथे पहाडासारखा उभा राहतो, वय दिसतं, वजन दिसतं. गैस जास्त चपळ आहे, आणि त्याचं अरबी ऐकताना शब्दांना जी धार येते ती क्विनच्या इंग्रजीत नाही. आमच्यातल्या काहींना क्विन पसंत, काहींना गैस. ऑस्करला 'द मेसेज'चं एकच नामांकन गेलं, संगीतासाठी, मोरिस जारचं. 1963 च्या त्या सोहळ्यात 'लॉरेन्स'च्या संगीताचं ऑस्कर त्यानेच घेतलं होतं.