कर्जतची घरपट्टी : मोहतर्फ्यापासून नगरपंचायतीपर्यंत

मराठेशाहीच्या काळात दख्खनच्या गावांत शेतकऱ्याकडून जमिनीचा सारा घेतला जाई, तर दुकानदार, विणकर, तेली अशा बिगरशेती व्यवसायांवर मोहतर्फा बसे. कुठे तो धंद्यावर असे, कुठे दुकानावर, मागावर किंवा घरावर.  आकारणी ठरे ती घरात राहणाऱ्याच्या धंद्यावरून. कर्जत ज्या नगर जिल्ह्यात येते तो इंग्रजांच्या ताब्यात आल्यावरही ही वसुली काही वर्षे चालू राहिली. अखेर 1844 च्या 19 व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील धंद्यांवरचे कर रद्द झाले.

पुढे पैमाशी म्हणजे जमिनीच्या मोजण्या झाल्या आणि शेताच्या प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर व आकार मिळाला. गावठाणातले राहते घर मात्र साऱ्यापासून दूर राहिले. शेताचा हिशोब तलाठ्याकडे आणि घराचा पंचायतीकडे ही विभागणी पुढे याच पायावर उभी राहिली. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचे कायदे 1920 व 1933 साली झाले. महाराष्ट्रात आजही लागू असलेला कायदा 1958 चा आहे. त्याच्या कलम 124 ने इमारती व जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला दिला आणि 1960 च्या कर व फी नियमांनी त्याची पद्धत घालून दिली.

कर्जतकरांच्या कपाटात जपलेले जुने उतारे याच व्यवस्थेतून आले. नमुना 8 म्हणजे आकारणीची नोंदवही, नमुना 9 म्हणजे मागणीचे रजिस्टर, तर नमुना 10 म्हणजे भरलेल्या कराची पावती. वाटण्या, कर्जे आणि घरांचे व्यवहार नमुना 8 दाखवून होत आले, त्यामुळे तोच मालकीचा कागद अशी समजूत घट्ट बसली. ही समजूत घरमालकाला फार महाग पडू शकते. कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच तो उतारा सांगतो. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाहक्क किंवा नगरभूमापन झालेले असल्यास मालमत्ता पत्रक यांच्या आधाराने.

संत गोदड महाराजांचे कर्जत हे तालुक्याचे ठिकाण असूनही दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्याच कारभारात होते. 74 व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण भागाकडून नागरी भागाकडे संक्रमण होत असलेल्या वस्त्यांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली होती. त्यानंतर दोन दशकांनी राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले आणि कर्जतची नगरपंचायत झाली. घर तेच राहिले, कायदा बदलला. आता 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागू झाला.

ग्रामपंचायतींसाठी 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आणली. तालुक्यातील राशीन, मिरजगावसारख्या गावांत जागेचा वार्षिक दर, बांधकामाचा खर्च, इमारतीचे वय आणि वापर यांच्या आधारे घराचे मूल्य काढले जाते. 1965 च्या अधिनियमाची मूळ रीत वेगळी आहे. घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज घेऊन त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले जातात. दरमहा 2,000 रुपये भाडे अपेक्षित धरल्यास वर्षाचे 24,000 होतात आणि करयोग्य मूल्य 21,600 येते. कराची टक्केवारी या रकमेवर लागते. मालक स्वतः राहत असला तरी हिशोब अपेक्षित भाड्यावरच होतो. भांडवली मूल्यावर आकारणी करण्याची मुभाही नंतर या अधिनियमात आली. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण करासारख्या राज्याच्या रकमाही असतात. त्या वसूल नगरपंचायत करते, पण पैसा राज्याचा असतो.

आकारणीची यादी साधारणपणे चार वर्षांनी नव्याने होते. यादी तयार झाली की जाहीर नोटीस निघते आणि लेखी हरकतींसाठी मुदत मिळते. संपूर्ण प्रक्रियेत घरमालकाच्या हातात सर्वात जास्त असते ते याच टप्प्यावर. पडीक खोली वापरात दाखवली आहे, क्षेत्रफळ जास्त लागले आहे किंवा घराच्या ओट्यावरचे बंद दुकान चालू धरले आहे, अशा चुका सुनावणीत दुरुस्त होऊ शकतात. मुदतीत हरकत घेतली असेल तरच पुढे अपिलाचा मार्ग उरतो, आणि त्यासाठीही आधी मागणीची रक्कम भरावी लागते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. म्हणून जुने घर विकत घेणाऱ्याने खरेदीखतापूर्वीच करविभागाकडून बेबाकी दाखला मागून घ्यावा आणि व्यवहारानंतर लगेच फेरफाराचा अर्ज द्यावा. तसे केले नाही तर नोटिसा जुन्या मालकाच्या नावे निघत राहतात आणि थकलेला कर त्या घरावरच बोजा म्हणून राहतो.