दरीपलीकडे काय ऐकू जाते : ऑफ-रोड गाडीच्या सायलेन्सरच्या अभ्यासाची प्रस्तावना

थार, जिम्नी किंवा गुरखा घरी आली की वर्षभरात मालकाचा हात तीन गोष्टींकडे वळतो : टायर, बंपर आणि सायलेन्सर. टायरचा अभ्यास लोक महिनोन्‌महिने करतात. खाचांची खोली, साइडवॉलची ताकद, चिखलात हवा किती उतरवायची, सगळे तोंडपाठ असते. सायलेन्सर मात्र दुकानाच्या दारात, उभ्या गाडीला दोनदा रेस देऊन, केवळ कानाने पसंत केला जातो. या पुस्तिकेची सारी खटपट एवढ्यासाठी आहे की सायलेन्सरचाही तितकाच नीट अभ्यास करता येतो. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. शाळेतला गुणाकार-भागाकार आणि चार-पाच संज्ञा एवढ्या शिदोरीवर कोणीही या विषयात येऊ शकतो, आणि यावे.

आत येण्याआधी एक समजूत दाराबाहेर ठेवावी लागेल. मोठा आवाज म्हणजे मोकळे इंजिन आणि मोकळे इंजिन म्हणजे जादा ताकद, असे गॅरेजात सर्रास सांगितले जाते. आकडे काय म्हणतात ते पाहू. पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल आवाज करणारी गाडी कानठळ्या बसवते. पण त्या आवाजातून वाहून जाणारी शक्ती मोजली तर ती वॅटच्या विसाव्या भागाइतकीही भरत नाही. शंभर किलोवॅटच्या इंजिनाने एवढी शक्ती राखली काय आणि उधळली काय, चाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ताकदीचा खरा संबंध वायूच्या वाटेतल्या अडथळ्याशी असतो. अडथळा आणि आवाज ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. वायूला फारसे न अडवता आवाज बराच उतरवता येतो. आणि पाइप नको तिथे चेमटवून गाडी गुदमरवावी आणि ती तरीही कर्कशच राहावी, हेही आपल्याकडच्या काही कारागिरांना छान जमते.

‘इंजिनाला थोडे बॅकप्रेशर हवेच’ हे वाक्यही तपासून घ्यावे असे आहे. बॅकप्रेशर म्हणजे वाटेतल्या अडथळ्यामुळे येणारा उलटा दाब, आणि तो कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो वायूचा वेग. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरचा बाहेर पडणारा झोत पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून काढायला मदत करतो. पाइप वाजवीपेक्षा रुंद केला की हा वेग मंदावतो आणि तोटा नेमका कमी आरपीएमवर होतो. ऑफ-रोड गाडीचे सगळे आयुष्य तिथेच जाते : खडकावर चढताना, ओढा पार करताना, लो-रेंजमध्ये रांगताना. शर्यतीच्या गाडीसाठी योग्य असलेला तीन इंची पाइप घाटातल्या जीपला बसवणे म्हणजे हवा तिथला टॉर्क देऊन नको तिथला आवाज विकत घेणे.

हे शास्त्र जुने आहे आणि त्यात माणसे फार निरनिराळ्या वाटांनी आली. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हा मुळात वैद्यकाकडून भौतिकशास्त्राकडे वळलेला जर्मन संशोधक. माणसाला स्वर कसे ऐकू येतात यावरचा त्याचा ग्रंथ १८६३ साली आला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकच ठरावीक स्वर का काढते, याचा हिशेब त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि आज जगातल्या असंख्य सायलेन्सरमध्ये तो हिशेब डब्याच्या रूपात बसलेला असतो. मॅक्सिम मशीनगनच्या जनकाचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळवले आणि गरम वायूला सावकाश पसरू देण्याची तीच कल्पना इंजिनांसाठीही वापरली. पुढे जिची नासा झाली त्या नाका या अमेरिकी संस्थेने १९५४ साली मफलरवर, म्हणजे सायलेन्सरवरच, जो अहवाल काढला, त्यातली सूत्रे अजूनही पाठ्यपुस्तकांत भेटतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एम. एल. मुंजल यांचा ‘अकूस्टिक्स ऑफ डक्ट्स अँड मफलर्स’ हा १९८७ चा ग्रंथ तर या क्षेत्रात जगभर प्रमाण मानला जातो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून एआरएआय आहे, जिथे वाहनांच्या आवाजाच्या चाचण्या होतात. थोडक्यात, या विषयासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सायलेन्सरच्या खोक्यावर छापलेला डेसिबलचा एकुलता आकडा पाहून निवड करू नये. कोणत्या आरपीएमवर, कोणत्या वारंवारतेचा आवाज तो मारतो, हे पाहावे. पुढचे सगळे विवेचन याच एका विधानाभोवती फिरते.

चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन स्फोट करते. म्हणजे २३०० आरपीएमवर सेकंदाला सुमारे ७७ स्फोट, आणि एक्झॉस्टच्या आवाजाचा मूळ स्वर ७७ हर्ट्झचा. आता गाडीच्या आतली मोकळी लांबी सव्वादोन मीटर धरा. एवढ्या लांबीच्या बंदिस्त हवेचा पहिला अनुनाद ७६ हर्ट्झच्या आसपास येतो. दोन्ही जुळले की डोक्यात शिरणारी ती संथ, जड घरघर सुरू होते, जिला गाडीवाले ‘ड्रोन’ म्हणतात. दुकानाच्या दारात रेस देताना ती कळत नाही. कळते ती द्रुतगती मार्गावर, एकाच वेगाने तासभर गेल्यावर, मागे बसलेली आई ‘अरे, डोकं दुखायला लागलं’ म्हणते तेव्हा.

ही घरघर मारणे सोपे नसते आणि ते का, हे एकदा समजले की निम्मा विषय हाती येतो. पाइप ५० मिलिमीटरचा, त्यावर १५० मिलिमीटर व्यासाचा साधा पोकळ गोल डबा, लांबी ४५ सेंटिमीटर. वायू तीनेकशे अंशांवर असेल तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या घरात असतो. अशा डब्याच्या सूत्रात आकडे घातले की हा डबा २६७ हर्ट्झच्या आसपास चांगला १३ डेसिबल आवाज अडवतो. ७७ हर्ट्झवर मात्र जेमतेम सात. आणि ५३३ हर्ट्झवर शून्य. तो स्वर डबा नसल्यासारखा आरपार जातो. म्हणून चांगल्या मफलरमध्ये वेगवेगळ्या लांबीचे कप्पे असतात : एक जिथे आंधळा, तिथे दुसरा पाहतो. सरळ आरपार जाळीदार नळीभोवती ग्लासवूल भरलेल्या मफलरची तऱ्हा निराळी. तो कर्कशपणा छान शोषतो, पण ७७ हर्ट्झची तरंगलांबी सहा मीटरहून अधिक आहे आणि वूलचा थर दोन-चार सेंटिमीटरचा. एवढी लांब लाट त्याला जुमानत नाही. शिवाय काही वर्षांत वूल जळून, उडून जाते आणि तेच मॉडेल मूळच्यापेक्षा मोठ्याने बोलू लागते. नवा असताना मोजलेला आकडा तेव्हा कामाचा राहत नाही.

एकाच स्वरावर नेम धरायचा तर पाइपला एका बाजूने बंद असलेली नळी जोडता येते. तिची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी हवी, म्हणजे आपल्या उदाहरणात दीड मीटरच्या आसपास. लांबलचक सलून गाडीखाली तिला जागा मिळते. आखूड व्हीलबेसच्या जीपखाली दीड मीटरची जादा नळी म्हणजे पहिल्याच खडकाला दिलेले आमंत्रण. इथे हेल्महोल्ट्झचा डबा कामाला येतो : आखूड मान, योग्य आकारमानाचा कप्पा, आणि सगळे चॅसिसच्या वर बसणारे. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये मधोमध जो लहान डबा दिसतो, ज्याला फिटर ‘उगाच लावलेला’ म्हणून कापून टाकतात, तो बहुतेक वेळा अशाच कामासाठी असतो. तो काढल्यावर मागचा मफलर कितीही भारी घेतला तरी घरघर जात नाही.

डेसिबल मोजणाऱ्या मीटरचीही एक खोड माहीत असावी. आवाजाचे बहुतेक नियम ‘ए’ पद्धतीच्या मापनावर चालतात. ही पद्धत मानवी कानाची नक्कल करते, म्हणून खालच्या स्वरांना कमी किंमत देते : १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झच्या आवाजातून ३०. त्यामुळे मीटरवर सारखाच आकडा दाखवणारे दोन सायलेन्सर प्रत्यक्षात फार वेगळे असू शकतात. भर पडते ती अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवर ९६ असलेला आवाज अर्ध्या किलोमीटरवर ३६ उरतो, आणि रात्री शांत खोऱ्यात ३६ स्पष्ट ऐकू येतात. त्यातही चार हजार हर्ट्झचा स्वर किलोमीटरमागे आणखी वीस-तीस डेसिबल हवेतच गमावतो, तर शंभरच्या खालचा स्वर जवळजवळ काहीच गमावत नाही. सह्याद्रीत समोरासमोर कडे असतात, ते आवाज परतवतात. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. तुमच्या जीपमधला कर्कशपणा झाडीत विरतो. दरीपलीकडच्या वाडीवर पोचते ती घरघर. चालकाचा कान, इन्स्पेक्टरचा मीटर आणि पलीकडचे गाव हे तिघे एकाच सायलेन्सरबद्दल तीन वेगळे निकाल देतात. माझ्या मते त्यांतला गावाचा निकाल सर्वांत महत्त्वाचा, कारण वाट त्याच्या शिवारातून जाते.

अमेरिकेतल्या ऑफ-रोडवाल्यांना हे अनुभवाने कळले. सरकारी जमिनींवरच्या अशा गाड्यांचे नियमन करणारा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश १९७२ चा आहे आणि त्यात आवाजाचाही विचार आहे. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या ऑफ-रोड गाड्यांना, काही अपवाद सोडता, पाइपपासून वीस इंचांवर ९६ डेसिबलची मर्यादा आहे. तिथल्या जंगलांत ठिणगी अडवणारी जाळी, म्हणजे स्पार्क अरेस्टर, लागतो तो वेगळाच. मार्च-एप्रिलमधले आपले वाळलेले गवताळ माळ आठवले तर ही जाळी आपल्याकडेही शहाणपणाची ठरेल.

आपल्याकडे ऑफ-रोड गाडी म्हणजे नंबरप्लेट लावून रस्त्यावरूनच डोंगरापर्यंत जाणारी गाडी, त्यामुळे कायदाही रस्त्याचाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदलांना आळा घालते. कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता. पुंगळी काढलेल्या बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. जीपवाल्यांनी त्यावर हसू नये.

धातू, क्लॅम्प, रबरी हँगर, पाण्यातून जाताना पाइपचे तोंड कुठे असावे, मागच्या उताराचा कोन, या गोष्टी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आल्या आहेत. इथे निवडीबद्दलचे माझे मत तेवढे नोंदवतो. टर्बो डिझेल असेल तर सायलेन्सर बदलू नये. टर्बाइन आधीच वायूचे ठोके मोडून काढते, पुढे बीएस-६ चा उत्प्रेरक आणि गाळणी असते. शेवटचा डबा बदलून मिळते ते जवळजवळ निव्वळ आवाजाच्या रूपात. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन असेल आणि मूळ डबा गंजून गेला असेल, तर मधला लहान डबा (रेझोनेटर) आणि उत्प्रेरक (कन्व्हर्टर) शाबूत ठेवून फक्त मागचा भाग बदलावा. पाइपचा व्यास मूळचाच घ्यावा आणि आत कप्पे असलेला, डब्याचे आकारमान मूळच्या इतके किंवा जास्त असलेला मफलर निवडावा. विक्रेत्याला विचारावे की आवाज किती आरपीएमवर, किती अंतरावरून मोजला, आणि दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान गाडी आत कशी वाजते. ‘साहेब, बास एकदम मस्त आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर कंपनीचा सायलेन्सर काढू नका.